गल्लीतलं काम महापालिकेच्या कागदांत कसं शोधायचं? (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

आमच्या गल्लीतलं ड्रेनेज सलग तीन पावसाळे तुंबत होतं. ॲपवर तक्रार टाकायची, दोन दिवसांनी "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा मेसेज यायचा आणि चेंबरवर पाणी तसंच. नगरसेवकांकडे गेलो तर "बजेटमध्ये टाकलंय, होऊन जाईल". आणि खरंच टाकलं होतं बरं का, १५ लाखांची तरतूद होती, पण जानेवारीत ती दुसऱ्या प्रभागातल्या कुठल्याशा सुशोभीकरणाकडे वळवली गेली आणि आम्हाला ते कळलं मार्च उलटून गेल्यावर.

सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की यात लपवाछपवी काहीच नव्हती. विषय स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत छापलेला होता, पीडीएफ वेबसाइटवर पडलेली होती, आमच्यापैकी कोणी उघडलीच नव्हती, आणि उघडली असती तरी त्या भाषेतून आमच्या गल्लीचा पत्ता लागला नसता. त्यानंतर दोन वर्षं हे कागद वाचायची सवय लावून घेतली, त्यात जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितोय.

हे महाराष्ट्रातल्या महापालिकांपुरतं आहे. मुंबईला १८८८ चा स्वतःचा कायदा आहे, बाकी महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात, आणि नगरपरिषदा, नगरपंचायतींना १९६५ चा वेगळा कायदा. तुमच्याकडे नगरपरिषद असेल तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी आणि महापौरांच्या जागी नगराध्यक्ष वाचा, तपशील थोडे बदलतील पण कागदांचा प्रवास साधारण असाच असतो.

१. काम नक्की कोणाचं ते आधी बघा

हे वाचून हसाल, पण आमचे पहिले दोन महिने इथेच गेले. शहरात आहे म्हणजे महापालिकेचंच असं नसतं. मोठा रस्ता पीडब्ल्यूडीचा निघू शकतो, बायपास राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा, उड्डाणपूल विकास प्राधिकरणाचा. वीज बहुतेक ठिकाणी महावितरणची, पण रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, म्हणजे खांबावरचा दिवा गेला तर एक ऑफिस आणि घरातली लाइट गेली तर दुसरं. मुंबईत बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम आहे, तिथलं गणित आणखी वेगळं. काही शहरांत पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण किंवा एमआयडीसी देते आणि महापालिका नुसती वाटते.

विचारायची सोपी पद्धत म्हणजे वॉर्ड ऑफिसला (काही ठिकाणी क्षेत्रीय कार्यालय, काही ठिकाणी प्रभाग समिती कार्यालय म्हणतात) जायचं आणि त्या भागाच्या जेईंना, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांना, "हा रस्ता आपल्या ताब्यात आहे का?" एवढंच विचारायचं. "ताब्यात" हा शब्द वापरा. नवीन लेआउटमधले कितीतरी रस्ते बिल्डरने महापालिकेकडे हस्तांतरितच केलेले नसतात, मग त्यावर महापालिका खर्च करत नाही आणि आपण वर्षानुवर्षं तक्रारी करत बसतो.

२. तुमच्या गल्लीचं सरकारी नाव शोधा

आपण म्हणतो "गणपती मंदिरामागची गल्ली". कागदात ती "स.नं. अमुक, तमुक सोसायटी ते ढमुक यांच्या घरापर्यंत" अशी असते, आणि बऱ्याचदा ज्यांच्या घरापर्यंत लिहिलंय ते घर विकून दहा वर्षं झालेली असतात. तेव्हा एका वहीत हे लिहून ठेवा:

– प्रभाग क्रमांक. निवडणुकीच्या वेळी प्रभागरचना बदलते, त्यामुळे जुना आणि नवा दोन्ही.
– वॉर्ड ऑफिसचं नाव.
– सर्वे नंबर किंवा सिटी सर्वे नंबर. मालमत्ता कराच्या बिलावर नसेल तर सोसायटीच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर मिळेल.
– जवळच्या दोन-तीन सोसायट्या, शाळा, देवळं यांची नावं, सगळ्या स्पेलिंगांसकट. पीडीएफमध्ये "श्रीनगर" शोधून सापडलं नाही म्हणून सोडून दिलं आणि नंतर कळलं तिथे "श्री नगर" असं टाइप केलेलं होतं, हे माझ्याच बाबतीत झालंय.

आणि हो, बऱ्याच पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात किंवा जुन्या फॉन्टमधल्या असतात, त्यात सर्च चालतच नाही. डोळ्यांनीच वाचायच्या. चहा घेऊन बसा.

३. कोण काय ठरवतं, एवढं डोक्यात पक्कं करा

नगरसेवक काम सुचवतात, इंजिनिअर लोक इस्टिमेट करतात, आयुक्त प्रस्ताव ठेवतात, स्थायी समिती पैशाला हो म्हणते आणि सर्वसाधारण सभा (पुण्यात मुख्य सभा, ठाण्याकडे महासभा) बजेट, करांचे दर, धोरणं असे मोठे विषय मंजूर करते. १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांत स्थायी समितीत १६ जण असतात. खर्चाचे रोजचे निर्णय बहुतेक तिथेच होतात, सभागृहात टीव्हीवर दिसणारी भांडणं असतात ती वेगळ्याच विषयांवर.

मधली काही वर्षं हे सगळं चित्रच बदललं होतं. २०२० पासून एकेका महापालिकेची मुदत संपत गेली आणि कित्येक ठिकाणी प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच सर्वसाधारण सभा, म्हणजे प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. तेव्हा प्रशासकांच्या काळातले कागद बघाल तर त्यावर "मा. प्रशासक यांची मान्यता" किंवा "प्रशासक ठराव" असं दिसेल, गोंधळू नका, तो ठरावच आहे.

थोडक्यात एकच लक्षात ठेवायचं: सभेत विषय येतो तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला असतो. तुमचं म्हणणं चालतं ते त्याच्या आधी, फाईल इंजिनिअरच्या टेबलावर असताना.

४. बजेटचं पुस्तक उघडा, पण सुरुवातीचं भाषण सोडून द्या

महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. आयुक्त साधारण जानेवारी अखेर ते मार्चच्या दरम्यान अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती त्यात आपली कामं घालते, मग ते सर्वसाधारण सभेकडे जातं. करांचे दर मात्र आधी ठरतात, १९४९ च्या कायद्यात त्याला २० फेब्रुवारीची मुदत आहे. म्हणून पाणीपट्टी वाढणार का, मालमत्ता कर वाढणार का हे बघायचं असेल तर बजेटच्या बातम्यांची वाट बघू नका, त्याआधीची खास सभा बघा. बजेटच्या दिवशी "करवाढ नाही" अशी हेडलाइन येते ती बऱ्याचदा महिनाभर आधीच ठरलेली गोष्ट असते.

आकडे बघून घाबरू नका. मुंबईचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. पण त्यातले पगार, पेन्शन, पंपिंगचं वीजबिल, कर्जाचे हप्ते आणि आधीच्या वर्षी सुरू केलेल्या कामांची देणी काढली की नव्या कामांना उरतो तो भाग बराच लहान असतो. या मागच्या देण्यांना महापालिकेत "दायित्व" म्हणतात. तुमच्या कामासमोर तरतूद दिसतेय पण तेवढ्याच रकमेचं दायित्व त्या लेखाशीर्षावर (बजेटमधल्या खर्चाच्या खात्यावर) आधीच बसलेलं असेल, तर ती तरतूद म्हणजे नुसती शोभा.

उत्पन्नाच्या बाजूला जमा झालेले आकडे आणि अंदाज यांतला फरक बघा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आता राज्याकडून येणारं जीएसटीचं अनुदान, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क यांवर गाडी चालते. अंदाज फुगवून धरला की खर्चाची कामंही फुगवून लिहिता येतात, आणि वर्षअखेरीला पैसे आले नाहीत म्हणून कात्री लागते ती बहुतेकदा गल्लीबोळातल्या कामांना.

आता पुस्तकात शोधायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, काम महसुली आहे की भांडवली. इथे आम्ही सपशेल चुकलो होतो. आम्ही तीन वर्षं "चेंबर साफ करा" म्हणत होतो, ते देखभाल-दुरुस्तीचं काम, महसुली खर्च, आणि माणसं येऊन बांबू घालून साफ करूनही जायची, तक्रार निकाली काढली असं ॲप म्हणायचं ते त्या अर्थी खोटं नव्हतं. पण जुनी लाइन सहा इंची होती, टाकली तेव्हा गल्लीत बंगले होते, आता त्याच लाइनवर सात बिल्डिंगा. दुखणं होतं पाइपच्या व्यासाचं. नवीन, मोठी लाइन टाकणं हे भांडवली काम, त्याला वेगळं इस्टिमेट, वेगळं बजेट हेड, वेगळे अधिकारी. हे आम्हाला कोणी सांगितलं? एका रिटायर झालेल्या ओव्हरसिअर काकांनी, चेंबरचं झाकण उघडून आत टॉर्च मारून, दोन मिनिटांत. म्हणाले, "अहो, ही लाइन भरूनच वाहतेय, साफ काय करणार कप्पाळ?" तेव्हा अर्ज करायच्या आधी दुखणं नीट ओळखा, नाहीतर चुकीच्या खिडकीपुढे रांग लावाल.

दुसरी, लेखाशीर्ष किंवा बजेट कोड. कामाच्या नावापुढे एक लांबलचक आकडा असतो. तो उतरवून घ्या. कामाचं नाव प्रत्येक कागदावर थोडं थोडं बदलतं, "ड्रेनेज लाइन टाकणे" चं "मलनिःसारण वाहिनी विकसित करणे" होतं, पण कोड सहसा बदलत नाही.

तिसरी, रक्कम कामाच्या मानाने आहे का. १५ लाखांच्या कामापुढे १ लाख लिहिलेले असतील तर ती टोकन तरतूद, म्हणजे नाव यादीत राहावं म्हणून ठेवलेली. टोकन वाईटच असं नाही, त्यावर टेंडरची प्रोसेस सुरू करता येते असं अधिकारी सांगतात, पण "बजेटमध्ये टाकलंय" असं ऐकून पेढे वाटू नका.

पुण्यात नागरिकांनी स्वतः कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, फॉर्म साधारण पावसाळ्याच्या सुमाराला येतात. तुमच्या शहरात अशी काही सोय आहे का ते विचारा. नसेल तर साधा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वॉर्ड ऑफिसला द्या, कारण पुढच्या वर्षीच्या याद्या दिवाळीच्या आसपास बनायला लागतात. फेब्रुवारीत दिलेला अर्ज म्हणजे एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचणं.

५. विषयपत्रिका वाचायला शिका

स्थायी समिती साधारण दर आठवड्याला बसते, सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा तरी. त्याआधी नगरसचिवांच्या ऑफिसातून विषयपत्रिका निघते (कुठे कार्यपत्रिका म्हणतात, विषयाच्या टिपणीला कुठे गोषवारा). वेबसाइटवर ती सहसा "नगरसचिव" या विभागाखाली असते, "ताज्या घडामोडी" मध्ये शोधत बसू नका.

त्यातला विषय साधारण असा असतो:

"प्रभाग क्र. १४ मध्ये विविध ठिकाणी ड्रेनेज लाईन टाकणे व अनुषंगिक कामे करणेकामी प्राप्त लघुत्तम निविदाधारक यांची अंदाजपत्रकीय रकमेपेक्षा १९.८० टक्के कमी दराची निविदा मान्य करणेबाबत."

आता हे वाक्य फोडून बघू. "विविध ठिकाणी" म्हणजे तुमची गल्ली यात आहे की नाही हे वाक्यावरून कळणारच नाही, सोबत जोडलेल्या इस्टिमेटात जागांची यादी असते, ती मागायची. "अनुषंगिक कामे" म्हणजे खोदलेला रस्ता परत करणं, चेंबर उचलणं वगैरे, पण यात काहीही मावतं, म्हणून तेही इस्टिमेटातच बघायचं. "लघुत्तम निविदाधारक" म्हणजे सगळ्यात कमी दर भरलेला ठेकेदार. "१९.८० टक्के कमी" याला ऑफिसात "बिलो" म्हणतात, जास्त असेल तर "अबव". बिलो फारच असेल, २५-३० टक्के वगैरे, तर खूश होऊ नका. अशा वेळी ठेकेदाराकडून जादा सुरक्षा अनामत घेतात, ती घेतली का ते विचारा, कारण तेवढ्या पैशात काम निभवायचं म्हणजे कुठेतरी पाइपचा दर्जा किंवा खोली कमी होणार ही शंका घ्यायला जागा राहते.

आणखी काही शब्द जे दर पानावर भेटतील. "तहकूब" म्हणजे पुढच्या सभेवर ढकलला, मेलेला नाही. "दफ्तरी दाखल" म्हणजे मेला, शांतपणे. "कार्योत्तर मान्यता" म्हणजे काम किंवा खर्च आधीच झालाय आणि आता सही मागताहेत, हा शब्द दिसला की पुढचं दोनदा वाचा. "उपसूचना" म्हणजे मूळ प्रस्तावाला सभेत जोडलेली दुरुस्ती, आणि ती मूळ विषयपत्रिकेत नसते, ती नंतर इतिवृत्तात (सभेच्या कामकाजाच्या नोंदीत) दिसते. तसेच "ऐनवेळचे विषय". हे दोन्ही छापलेल्या कागदात नसतात, त्यामुळे नुसती विषयपत्रिका वाचून थांबलात तर अर्धंच कळलं. इतिवृत्त यायला वेळ लागतो, कधी कधी महिने, पण येतं तेव्हा वाचा.

तातडीच्या कामांसाठी टेंडर न काढता थेट काम द्यायची वाट कायद्यात आहे, त्या प्रस्तावांवर "कलम ६७(३)" किंवा "५(२)(२)" असे आकडे दिसतात. पाइप फुटला, पूर आला, अशा वेळी ते बरोबरच आहे. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच कामाची तातडी निघत असेल तर मात्र बातमी आहे.

सर्वसाधारण सभेला प्रेक्षक गॅलरी असते, नगरसचिव ऑफिसातून पास मिळतो, ओळखपत्र न्या. स्थायी समितीत बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना बसू देत नाहीत. मी गॅलरीत पहिल्यांदा बसलो तेव्हा एका मिनिटात अकरा विषय "मंजूर, मंजूर" करत गेले, माझं बोट विषयपत्रिकेवर चौथ्या नंबरवरच होतं. खाली कोणी भांडत नव्हतं, कोणी वाचतही नव्हतं. तेव्हा हातात पत्रिका न घेता जाऊ नका, काही म्हणजे काही कळणार नाही.

६. वर्गीकरण: इथेच आमचे पैसे गेले

वर्षाच्या मध्यात एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं याला पुण्याकडे वर्गीकरण म्हणतात, इतरत्र पुनर्विनियोजन किंवा रक्कम वळती करणे. याचा विषय असा दिसतो: "लेखाशीर्ष अमुक वरील र.रु. १५,००,०००/- लेखाशीर्ष तमुक कडे वर्गीकरण करणेबाबत". कामाचं नाव नाही, गल्लीचं नाव नाही, नुसते दोन आकडे. आता कळलं कोड का उतरवून घ्यायला सांगितलं?

डिसेंबर ते मार्च हा याचा हंगाम. कारण सरळ आहे, ज्या कामाचं टेंडर निघालेलं नाही त्याचे पैसे मार्चअखेर वाया जाणार, मग ते जिथे खर्च होतील तिथे न्या. अधिकाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही नाही. आमचं काम वळवलं गेलं ते इस्टिमेटवर सही व्हायची राहिली होती म्हणून, आणि सही राहिली कारण कोणी मागे लागलेलं नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरपर्यंत टेंडर निघालं नसेल तर हातपाय हलवा. जेईंना तीन प्रश्न विचारा: इस्टिमेट झालं का? तांत्रिक मान्यता झाली का? फाईल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर मिळालं की त्या टेबलावर जा, जेईंशी भांडून काही होत नाही, त्या बिचाऱ्यांकडे अशा चाळीस फायली असतात. आणि डिसेंबरपासून दर आठवड्याची विषयपत्रिका उघडून आपला कोड शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. कोड दिसला तर सभेच्या आधी स्थायी समितीतल्या तुमच्या भागातल्या सदस्याला आणि आयुक्तांना लेखी द्या, आवक शिक्का घेऊन. मंजूर झाल्यावर उलटं फिरवणं फार अवघड, ठराव निलंबित किंवा विखंडित करायचे अधिकार राज्य सरकारला आहेत, पण गल्लीच्या ड्रेनेजसाठी मंत्रालय कोण हलवणार?

७. टेंडर बघायला लॉगिन लागत नाही

महाराष्ट्र सरकारचं महाटेंडर्स पोर्टल उघडा, संस्थेच्या नावाने यादी बघा, आपली महापालिका निवडा. कॅप्चा दोन-तीनदा चुकेल, चालू द्या. चालू टेंडर, उघडलेली टेंडर, निकाल, सगळं बघता येतं. टेंडर दोन पाकिटांत असतं, आधी तांत्रिक पाकीट उघडतात आणि जो पात्र ठरेल त्याचंच दराचं पाकीट. तांत्रिक पाकिटात सहा जण आले आणि पात्र दोनच ठरले असं वारंवार दिसलं तर अटी काय होत्या ते वाचा.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट, एकाच रस्त्याचे तुकडे. "अमुक चौक ते बँक", "बँक ते शाळा", "शाळा ते मंदिर" अशी तीन वेगळी कामं, प्रत्येकाची रक्कम मंजुरीच्या एखाद्या मर्यादेच्या जेमतेम खाली. कधी खरंच वेगवेगळी कामं असतात, पण एका ओळीत मांडून बघा म्हणजे दिसेल.

टेंडरमधून दोन गोष्टी उतरवा: कामाची मुदत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ऑफिसच्या भाषेत डीएलपी. या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. डांबरी रस्त्याला बहुतेकदा तीन वर्षं असते, काँक्रीटला त्याहून जास्त, नेमकं टेंडरच्या अटीतच मिळेल. खड्ड्याची तक्रार करताना "हा रस्ता डीएलपीत आहे" असं लिहिलं की तक्रारीचं वजनच बदलतं.

८. काम सुरू झालं की बघायला उभे राहा, पण शहाणपणाने

साइटवर कामाचा बोर्ड लागायला हवा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. फोटो काढा. रस्त्याचं काम असेल तर आधी विचारा की ड्रेनेज, पाणी, केबल यातलं काही खालून जायचं राहिलंय का, नाहीतर नवा रस्ता झाल्यावर महिन्याभरात तो फुटणार हे ठरलेलं.

झालेल्या कामाची नोंद एमबीत होते, मोजमाप पुस्तिकेत. किती मीटर पाइप, किती चेंबर, किती घनमीटर खोदाई. बिल त्यावरून निघतं. आमच्या कामाची एमबी मिळवली तर त्यात चेंबर अकरा आणि गल्लीत मोजले तर नऊ! झालं, सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत भ्रष्टाचार, भ्रष्टाचार. मीही त्यात होतो. दुसऱ्या दिवशी जेई स्वतः आले, टेप टाकला आणि दोन जागी सब्बलने डांबर उकरलं, खाली दोन झाकणं! रस्ता करणाऱ्यांनी वरून डांबर ओढून टाकलं होतं. तेव्हा आरोप करायच्या आधी टेप घेऊन त्यांच्यासोबत एक चक्कर मारा. (झाकणं पुरली गेली हीही चूकच होती, ती त्यांनी उचलून दिली, पण ते बारा वाजेपर्यंतचे मेसेज काही मागे घेता आले नाहीत.)

९. कागद देत नसतील तर माहिती अधिकार

सगळ्यात शेवटी ठेवलंय मुद्दाम. अर्ध्या गोष्टी गोड बोलून मिळतात, आणि बऱ्याच वेबसाइटवर असतात. नसतील तर २००५ च्या कायद्याखाली जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे विसरलात तर अर्ज परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस, झेरॉक्सला पानामागे २ रुपये.

लिहिताना "का" हा शब्द टाळा. "आमचं काम का झालं नाही?" याला "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं. त्याऐवजी कागद मागा: "लेखाशीर्ष अमुक वरील कामाचं मंजूर इस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अंतिम बिल यांच्या प्रती." माझा अनुभव असा की प्रती मागण्यापेक्षा फाईलचं अवलोकन मागितलेलं जास्त बरं, पहिल्या तासाला पैसे नाहीत आणि फाईल समोर आली की जे मागायचं सुचलं नसतं तेही दिसतं, विशेषतः टिपणीच्या पानांवरचे शेरे. सोमवारी दुपारी अवलोकन करू द्यायची पद्धत पुण्यात बरीच वर्षं होती, तुमच्याकडे अशी काही आहे का ते जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं, पण तिथे रांग मोठी आहे, काम पहिल्या अपिलातच उरकायचा प्रयत्न करा.

फाईलमध्ये काय काय हवं

एक साधी फोल्डरवाली फाईल करा. आत: मालमत्ता कराचं बिल, प्रभागाचा नकाशा, बजेटच्या संबंधित पानाची प्रिंट (कोडवर मार्कर मारून), आवक शिक्का असलेले सगळे अर्ज, तारखेसकट फोटो, टेंडरची पहिली पानं, वर्क ऑर्डर. सोबत एक मेजरिंग टेप, १५ मीटरचा असेल तर उत्तम. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर दहा-बारा सह्यांनी दिला तर एकट्याच्या अर्जापेक्षा लवकर हलतो, मात्र पाठपुराव्याला दरवेळी तोच माणूस जाऊ दे, नवा माणूस गेला की पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. आणि ग्रुपवर "मी बघतो" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, तो बघत नाही.

आमची लाइन शेवटी दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पडली, पाऊस यायच्या पंधरा दिवस आधी, बारा इंची. तिची डीएलपी संपायची तारीख वर्क ऑर्डरवरून मोजू नका, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरून मोजतात, तो दाखला वेगळा मागून घ्यावा लागतो. मी तो मागून घेतला आणि संपायच्या दोन महिने आधीचा अलार्म फोनमध्ये लावून ठेवलाय, त्या आठवड्यात सगळी झाकणं उघडून बघायची आहेत, अकराच्या अकरा.